निवारा केंद्रात येणाऱ्या आपद्ग्रस्तांची नोंदणी आणि सेवा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पूर, वादळ, भूकंप, वणवा किंवा रासायनिक गळती यांमुळे घर सोडून आलेल्या माणसांसाठी निवारा केंद्र उघडण्याची वेळ येते, तेव्हा ते चालवण्याची जबाबदारी बहुधा अशा लोकांवर पडते ज्यांनी हे काम पूर्वी केलेले नसते. शाळेचे शिक्षक, सभागृहाचे व्यवस्थापक, आरोग्य कर्मचारी आणि स्वयंसेवक काही तासांच्या सूचनेवर कामाला लागतात. त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. आकडे प्रामुख्याने ‘स्फिअर’ या आंतरराष्ट्रीय मानवतावादी मानकांच्या २०१८ च्या आवृत्तीतील आहेत. आपल्या प्रशासनाचे स्वतंत्र निकष असतील तर ते पाळणे बंधनकारक आहे.

केंद्र उघडण्यापूर्वी किमान कोणती तयारी हवी?

इमारत धोक्याच्या क्षेत्राबाहेर आहे, तिच्या भिंती व छत शाबूत आहेत आणि बाहेर पडण्याचे मार्ग मोकळे आहेत, याची जाणकार व्यक्तीकडून खात्री करून घ्यावी. पाणी, वापरण्याजोगी शौचालये आणि वीज गेल्यास पर्यायी प्रकाश या तीन गोष्टींशिवाय दार उघडू नये. प्रत्येक पाळीला केंद्रप्रमुख कोण, हे नावानिशी ठरलेले असावे आणि ते नाव दर्शनी भागात लिहिलेले असावे.

त्यानंतर एक साधे काम करावे, जे हमखास राहून जाते. केंद्रप्रमुखाने स्वतः फाटकापासून झोपण्याच्या जागेपर्यंत चालत जावे. हातात सामान, कडेवर मूल आणि सोबत गुडघे दुखणारी वृद्ध व्यक्ती आहे असे मनाशी धरून चालावे. रांग उन्हात किंवा पावसात उभी राहणार आहे का, पायऱ्या कोठे आहेत, शौचालय शोधायला कोणाला विचारावे लागते का, हे नकाशावर कळत नाही, चालताना लगेच कळते. प्रवेशाचे दार एकच ठेवावे आणि बाहेर पडण्याचे वेगळे असावे, म्हणजे मोजदाद चुकत नाही.

माणसे दारात येताच सर्वांत आधी काय करावे?

नाव विचारू नये. आधी माणसाकडे पाहावे. श्वास घ्यायला त्रास होत आहे का, रक्तस्राव, ताप, अतिथंडी, भोवळ किंवा प्रसूतीच्या कळा आहेत का, हे पाहण्यासाठी दारातच प्रशिक्षित आरोग्य कर्मचारी असावा आणि अशा व्यक्तीला रांगेतून थेट उपचारांकडे न्यावे. बाकीच्यांना बसायला जागा, प्यायला पाणी आणि अंग कोरडे करायला कापड मिळाले पाहिजे. रासायनिक किंवा किरणोत्सारी दूषिततेची शक्यता असेल तर अंग आणि कपडे स्वच्छ करण्याची व्यवस्था प्रवेशाच्या अलीकडे, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली असावी.

याच क्षणी दोन प्रश्न विचारावेत : तुमच्यापैकी कोणाला आत्ता लगेच डॉक्टरांची गरज आहे का, आणि तुमचे कोणी मागे अडकले आहे का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल तर ती माहिती नोंदणीचा क्रमांक येईपर्यंत थांबवून ठेवू नये. ठिकाण, माणसांची संख्या आणि त्यांची अवस्था बचाव पथकाला त्याच मिनिटाला कळवावी.

नोंदणीत नेमके काय विचारावे?

आमचा एकच नियम आहे : ज्या उत्तरावर येथे कोणी काही करणार नाही, तो प्रश्न विचारू नये. निवारा केंद्रांतील नोंदणीचे बहुतेक दोष हा नियम न पाळल्यामुळे निर्माण होतात. कोणीतरी कधीकाळी तयार केलेला चार पानी अर्ज पुढे येतो, त्यात व्यवसाय, शिक्षण, उत्पन्न, घराचे क्षेत्रफळ असे रकाने असतात आणि सर्वस्व मागे टाकून आलेला माणूस ओल्या कपड्यांत उभा राहून त्यांची उत्तरे देत राहतो. इकडे त्याच्या आईला दररोज कोणती गोळी लागते, हे मात्र कोणी विचारलेलेच नसते.

पहिल्या नोंदीत कुटुंबप्रमुखाचे किंवा बोलणाऱ्या व्यक्तीचे नाव, सोबत आलेल्या प्रत्येकाचे नाव, वय आणि लिंग, कोणत्या भागातून आले ते ठिकाण, संपर्क क्रमांक आणि आल्याची वेळ एवढे पुरते. यानंतरचे प्रश्न गरजेचे आहेत : नियमित औषध किंवा उपचार चालू आहेत का, कोणी गरोदर किंवा स्तनदा आहे का, चालताना, पाहताना, ऐकताना, समजून घेताना कोणाला मदत लागते का, अन्नाचे काही पथ्य किंवा ॲलर्जी आहे का, आणि कुटुंबातील कोणी सापडत नाही का. शेवटी एक मोकळा प्रश्न असावा : आम्ही विचारले नाही, पण आम्हाला माहीत असायला हवे असे काही आहे का? पुष्कळदा सर्वांत महत्त्वाची माहिती याच प्रश्नाला मिळते.

प्रत्येक उत्तरापुढे ‘कोणाला कळवले’ असा रकाना ठेवावा. औषधाची नोंद आरोग्य कक्षाला, अपंगत्वाची नोंद जागावाटप करणाऱ्याला आणि पथ्याची नोंद स्वयंपाकघराला पोहोचली नाही, तर तीच व्यक्ती तीच कहाणी दिवसभर चार टेबलांवर सांगत फिरते. घर गेल्याचे दुःख एकदा सांगणे कठीण असते. ते पाचव्यांदा सांगायला लावणे हा आमच्या दृष्टीने छळच आहे.

धर्म, जात, नागरिकत्व किंवा राजकीय मत विचारावे का?

नाही. मदत केवळ गरजेनुसार द्यायची असते आणि यांपैकी कोणत्याही उत्तराने गरज बदलत नाही. अन्नाविषयीची गरज थेट विचारता येते, त्यासाठी धर्म विचारावा लागत नाही. भाषा मात्र अवश्य नोंदवावी, कारण त्यानुसार दुभाषा देता येतो. दुभाषा म्हणून मुलांचा वापर टाळावा, विशेषतः आजार, हिंसा किंवा मृत्यू यांविषयी बोलायचे असेल तेव्हा.

ओळखपत्र नसेल तर प्रवेश द्यावा का?

द्यावा. अंगावरच्या कपड्यांनिशी निघालेल्या माणसाकडे कागदपत्रे नसणे स्वाभाविक आहे. सांगितलेली माहिती तशीच लिहावी, ‘स्वतः सांगितल्यानुसार’ अशी नोंद करावी आणि केंद्राचे कार्ड द्यावे. अंतर्गत विस्थापनाविषयीची संयुक्त राष्ट्रांची १९९८ ची मार्गदर्शक तत्त्वे आपत्तीमुळे घर सोडावे लागलेल्यांनाही लागू होतात. गमावलेली कागदपत्रे विस्थापितांना अवाजवी अटींशिवाय पुन्हा मिळावीत, असे ती तत्त्वे सांगतात; तेव्हा कागद नाही म्हणून दार बंद करण्याचा प्रश्नच येत नाही. पडताळणी नंतर, शांतपणे होऊ शकते.

नोंदणीसाठी किती टेबले लागतील? रांग फार लांबते.

हिशेब करून पाहावा. पाचशे माणसे म्हणजे चारजणांची साधारण १२५ कुटुंबे होतात. एका कुटुंबाला पाच मिनिटे धरली तर ६२५ मिनिटे लागतात. तीन टेबलांवर हे काम सुमारे साडेतीन तास चालेल, आणि शेवटच्या कुटुंबाला तेवढा वेळ ताटकळत राहावे लागेल. म्हणून नोंदणीचे दोन टप्पे करावेत. पहिल्या टप्प्यात दारातच एका मिनिटात नाव, संख्या आणि तातडीची गरज लिहून घेऊन क्रमांकाचे कार्ड द्यावे. याच तीन टेबलांवर हे काम पाऊण तासाच्या आत होते. सविस्तर नोंद दुसऱ्या टप्प्यात, लोक टेकल्यावर, दोन घास खाल्ल्यावर, त्यांच्या जागी जाऊन घ्यावी. बसलेल्या माणसाशी बसून बोलल्यावर मिळणारी माहिती रांगेतल्या माहितीपेक्षा अचूक असते, हा आणखी एक लाभ.

वृद्ध, गरोदर, अपंग व्यक्ती आणि लहान मुले असलेली कुटुंबे यांच्यासाठी वेगळी रांग असावी. ती मागायला लागू नये; रांगेत फिरणाऱ्या स्वयंसेवकानेच अशा माणसांना ओळखून पुढे न्यावे.

नोंद कागदावर ठेवावी की संगणकावर?

वीज आणि नेटवर्क यांची खात्री असेल तर संगणक सोयीचा, परंतु कोरे छापील तक्ते, पेन आणि क्रमांकित कार्डे कायम तयार असावीत. कागदी नोंदींची दुसरी प्रत दर पाळीला काढून वेगळ्या ठिकाणी ठेवावी. नोंदवही उघडी टाकून कोणीही उठू नये. कोण कोठे राहत आहे ही माहिती काही जणांच्या बाबतीत जिवावर बेतू शकते. हिंसाचारी जोडीदारापासून दूर राहणारी स्त्री त्याच केंद्रात असू शकते आणि तो तिला शोधत दारात येऊ शकतो. त्यामुळे रहिवाशांची यादी भिंतीवर लावू नये, समाजमाध्यमांवर टाकू नये आणि दूरध्वनीवर कोणालाही वाचून दाखवू नये.

मग नातेवाईक शोधत आले तर त्यांना काय सांगावे?

‘तुमचे नाव, नाते आणि क्रमांक लिहून घेतो, ती व्यक्ती येथे असेल तर तिला तुमचा निरोप पोहोचेल’ एवढेच सांगावे. व्यक्ती केंद्रात आहे किंवा नाही, हे तिच्या संमतीशिवाय सांगू नये. थोड्याशा अंतराने असलेल्या दोन केंद्रांत नवरा-बायको एकमेकांना शोधत बसतात, असे होऊ नये म्हणून जवळपासच्या सर्व केंद्रांतील नोंदी दिवसातून किमान दोनदा एकाच समन्वय कक्षाकडे जाव्यात आणि शोध तेथूनच चालावा.

ताटातूट झालेल्यांचा शोध घेण्याचे काम आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समिती १८७० पासून करत आहे; फ्रान्स-प्रशिया युद्धाच्या वेळी बाझेल येथे तिने त्यासाठी पहिली कचेरी उघडली होती. रेड क्रॉस आणि रेड क्रेसेंटच्या राष्ट्रीय संस्था हे काम आजही करतात, आणि केंद्राने त्यांच्याशी पहिल्याच दिवशी संपर्क साधावा. त्याचबरोबर प्रत्येक कुटुंबाला ‘मी सुरक्षित आहे’ एवढा एक फोन करता यावा, मोबाइल चार्ज करता यावा, ही सोय अन्नपाण्याइतक्याच निकडीची मानावी. तो फोन झाल्यावर माणूस पहिल्यांदा नीट श्वास घेतो.

एकटे मूल केंद्रात आले तर काय करावे?

येथे घाई आणि दिरंगाई दोन्ही घातक आहेत. मुलाला ताबडतोब दोन पडताळलेल्या कार्यकर्त्यांच्या देखरेखीखाली, सर्वांच्या नजरेत असलेल्या शांत जागी बसवावे. बालसंरक्षण यंत्रणेला तत्काळ कळवावे. मूल ज्या ठिकाणी सापडले ते ठिकाण, वेळ, त्याला आणणाऱ्याचे नाव व संपर्क, अंगावरचे कपडे, शरीरावरील खुणा आणि मूल जे शब्द बोलते ते जसेच्या तसे लिहावेत. लहान मुलाला आईचे खरे नाव माहीत नसते, पण घराजवळ काय आहे, शाळेत कोणत्या बाई शिकवतात, आजी कोणत्या नावाने हाक मारते, हे ते सांगू शकते. शोधाला हेच धागे उपयोगी पडतात. भावंडांना कोणत्याही कारणाने वेगळे करू नये.

मुलाचा ताबा मागायला आलेल्या प्रौढ व्यक्तीला मूल लगेच सोपवू नये, मग ती कितीही रडत असो. तिला आणि मुलाला वेगवेगळे विचारून माहिती जुळते का ते पाहावे, तिच्याकडे पाहून मुलाची प्रतिक्रिया काय होते याकडे लक्ष द्यावे आणि अंतिम निर्णय अधिकृत बालकल्याण यंत्रणेवर सोडावा. खऱ्या आईला काही तास थांबावे लागते, ते क्लेशदायक आहे. पण चुकीच्या हाती गेलेले मूल परत मिळेलच असे नाही. मुलाचे छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकण्याचा मोह आवरावा, कारण ते छायाचित्र पाहून कोणीही त्याच्या खाणाखुणा पाठ करून येऊ शकतो.

हा प्रश्न किती मोठा होऊ शकतो याचे उदाहरण ऑगस्ट २००५ मध्ये अमेरिकेत आलेल्या कतरिना वादळाचे आहे. त्या वादळानंतर ५,१९२ मुले बेपत्ता असल्याची किंवा कुटुंबापासून दुरावल्याची नोंद झाली आणि शेवटचे मूल कुटुंबाला मिळायला मार्च २००६ उजाडला. बसमध्ये चढवताना आई एका बसमध्ये आणि मूल दुसऱ्या बसमध्ये जाणार नाही, एवढी दक्षता घेतली तरी बरीचशी ताटातूट टळते. लहान मुलांच्या मनगटावर कुटुंबाच्या कार्डाचा क्रमांक असलेली पट्टी प्रवेशावेळीच बांधावी. तिच्यावर नाव लिहू नये, म्हणजे अनोळखी माणसाला मुलाला नावाने हाक मारता येणार नाही.

नियमित औषधे मागे राहिलेल्यांचे काय?

आपत्तीत झालेल्या जखमा सर्वांना दिसतात, तुटलेली औषधे दिसत नाहीत. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, दमा, अपस्मार (फेफरे), मानसिक आजार, क्षयरोग आणि एचआयव्ही यांची औषधे चुकली तर काही दिवसांत, काही बाबतींत काही तासांत, प्रकृती ढासळते. अपस्माराची गोळी अचानक थांबली तर झटके येऊ शकतात. इन्सुलिन लागणाऱ्या माणसाला ‘उद्या बघू’ असे सांगता येत नाही. मूत्रपिंड निकामी झालेल्या व्यक्तीला साधारणपणे आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस लागते, म्हणून मागचे केव्हा झाले हे पहिल्याच दिवशी विचारून पुढचे कोठे होईल ते ठरवावे. घरी ऑक्सिजन यंत्र वापरणाऱ्याची जागा पर्यायी विजेच्या जोडणीजवळ असावी.

औषधाचे नाव आठवत नसेल तर गोळीचा रंग, आकार, दिवसातून किती वेळा घेतात, कोणत्या दवाखान्यातून आणतात, हे विचारून डॉक्टरांना अंदाज बांधता येतो. इन्सुलिन थंड ठेवण्याची सोय करावी, परंतु ते गोठू देऊ नये.

जागा, पाणी आणि शौचालये किती लागतात?

स्वयंपाक, स्नान आणि शौचालय यांची जागा वगळून प्रत्येक व्यक्तीला किमान ३.५ चौरस मीटर आच्छादित जागा असावी. थंड हवामानात, जेथे सगळे व्यवहार आतच होतात, तेथे ४.५ ते ५.५ चौरस मीटर. म्हणजे ३५० चौरस मीटरच्या सभागृहात फार तर शंभर माणसे मावतात. तेथे चारशे माणसे ठेवण्याची पाळी आली तर ती केवळ तात्पुरती तडजोड आहे हे वरिष्ठांना लेखी कळवावे आणि दुसरी इमारत मागावी.

पिणे, स्वयंपाक आणि स्वच्छता मिळून माणशी दररोज किमान १५ लिटर पाणी धरावे. एका नळावर २५० पेक्षा अधिक माणसे अवलंबून नसावीत आणि पाण्याच्या रांगेत अर्ध्या तासाहून अधिक वेळ जाऊ नये. वाटपाच्या ठिकाणी पाण्यातील उरलेल्या क्लोरीनचे प्रमाण लिटरमागे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम आहे का, हे दररोज तपासून वहीत लिहावे. अन्नाचे नियोजन माणशी दररोज २,१०० किलोकॅलरी धरून करतात.

शौचालये सुरुवातीच्या दिवसांत पन्नास माणसांमागे एक आणि शक्य तितक्या लवकर वीस माणसांमागे एक, या प्रमाणात हवीत, राहण्याच्या जागेपासून पन्नास मीटरच्या आत. पुरुषांच्या एका शौचालयामागे स्त्रियांची तीन असावीत. हे प्रमाण अनेकांना खटकते. ज्यांना खटकते त्यांनी पहाटे स्त्रियांच्या शौचालयाबाहेरची रांग पाहावी. सफाई कर्मचाऱ्यांना हातमोजे, बूट आणि पुरेसे मनुष्यबळ देणे ही केंद्रप्रमुखाची थेट जबाबदारी आहे. केंद्राची अवस्था जाणून घ्यायची असेल तर आम्ही कार्यालयात जात नाही, आधी शौचालय पाहतो. ते घाण असेल तर लोक पाणी पिणे आणि जेवणे कमी करतात, आणि त्याचा सर्वाधिक त्रास स्त्रियांना व वृद्धांना होतो.

साथ पसरू नये म्हणून काय करावे?

सप्टेंबर २००५ मध्ये, कतरिना वादळानंतर, अमेरिकेतील ह्यूस्टनच्या निवारा संकुलात नोरोव्हायरसमुळे उलट्या-जुलाबांची साथ पसरली आणि हजाराहून अधिक जणांना उपचार घ्यावे लागले. या विषाणूवर हाताला लावायचे अल्कोहोलयुक्त जंतुनाशक फारसे प्रभावी ठरत नाही. साबण आणि वाहते पाणीच हवे. त्यामुळे शौचालयाबाहेर आणि जेवणाच्या ठिकाणी हात धुण्याची सोय करावी व साबण कधीही संपू देऊ नये.

जुलाब, ताप, पुरळ आणि खोकला यांची रोज मोजणी व्हावी आणि आकडा वाढताच आरोग्य विभागाला कळवावे. जुलाब सुरू होताच क्षारसंजीवनी द्यावी. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ मिसळावे (चमचा चहाचा). गोवरचा धोका असलेल्या भागात सहा महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांचे लसीकरण तातडीने करण्याची शिफारस आहे. आजारी माणसासाठी वेगळी खोली असावी, पण त्याला वाळीत टाकल्यासारखे वाटू नये; सोबत कोण राहील, जेवण कोण आणेल, हे त्याला आधीच सांगावे.

स्त्रियांच्या आणि मुलींच्या सुरक्षिततेसाठी कोणती व्यवस्था हवी?

शौचालय व स्नानगृहांना आतून कडी आणि तेथपर्यंतच्या वाटेवर रात्रभर प्रकाश, ही पहिली अट आहे. एकट्या स्त्रियांना आणि मुली असलेल्या कुटुंबांना वेगळी जागा निवडण्याचा पर्याय द्यावा. स्तनपानासाठी व कपडे बदलण्यासाठी आडोसा असावा. मासिक पाळीचे साहित्य मागून घ्यावे लागू नये, ते प्रवेशाच्या पिशवीतच असावे. प्रत्येक पाळीला स्त्री कार्यकर्ती हजर असावी.

सर्व सेवा मोफत आहेत, त्यांच्या बदल्यात पैसे, काम किंवा शरीरसंबंध मागणे हा गुन्हा आहे आणि तक्रार कोठे करायची, हे चित्रांसह फलकावर लिहावे. लैंगिक अत्याचाराची घटना समोर आल्यास वैद्यकीय मदतीला प्राधान्य द्यावे. एचआयव्ही टाळणारे औषध ७२ तासांच्या आत सुरू करावे लागते. पुढे काय करायचे याचा निर्णय, कायद्याच्या मर्यादेत, त्या व्यक्तीचा असतो.

वृद्ध आणि अपंग व्यक्तींसाठी वेगळे काय करावे?

त्यांना शौचालयाजवळची, पायऱ्या नसलेली जागा आणि जमिनीपासून उंच पलंग द्यावा. जमिनीवर झोपलेल्या वृद्ध माणसाला उठणे अवघड जाते, म्हणून तो उठणे टाळतो, पाणी कमी पितो, आणि अंथरुणाला खिळतो. जपानमध्ये निवारा केंद्रांत पुठ्ठ्याचे पलंग वापरले जाऊ लागले, त्यामागे हाच अनुभव आहे. चाकाची खुर्ची, काठी, श्रवणयंत्र, चष्मा आणि कवळी यांपैकी काय मागे राहिले, हे आवर्जून विचारावे. काळजी घेणाऱ्या व्यक्तीला त्यांच्यापासून वेगळे करू नये. ध्वनिक्षेपकावरील सूचना ऐकू न येणाऱ्यांसाठी लिहून आणि फलक वाचता न येणाऱ्यांसाठी बोलून दिली पाहिजे.

दानात आलेली दूध पावडर बाळांना वाटावी का?

सरसकट वाटू नये. अशुद्ध पाणी आणि न उकळलेल्या बाटल्या यांमुळे बाळांना जुलाब होतात आणि आईचे दूध कमी होत जाते. धक्क्याने दूध आटते हा समज आयांना घाबरवतो. तणावामुळे दूध उतरायला काही काळ अडथळा येऊ शकतो, परंतु बाळाला वारंवार पाजत राहिल्यास, आईला निवांतपणा, पाणी आणि धीर मिळाल्यास ते पुन्हा येते. ज्या बाळांना खरोखर वरचे दूध लागते, त्यांना ते आरोग्य कर्मचाऱ्याच्या देखरेखीखाली, स्वच्छ पाणी आणि वाटी-चमच्यासह द्यावे.

लोकांशी काय बोलावे? मानसिक आधार कसा द्यावा?

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानसिक प्रथमोपचाराच्या मार्गदर्शिकेत तीन कृती सांगितल्या आहेत : पाहा, ऐका आणि जोडून द्या. जोडून देणे म्हणजे त्या माणसाला त्याच्या आप्तांशी, माहितीशी आणि सेवेशी जोडून देणे. काय झाले ते सविस्तर सांगण्याचा आग्रह धरू नये. घटनेनंतर लगेच एकाच बैठकीत सगळे बोलायला लावण्याची पद्धत आता शिफारसयोग्य मानली जात नाही. ‘जीव वाचला हेच नशीब’, ‘रडू नका’, ‘सगळे ठीक होईल’ ही वाक्ये सद्भावनेने बोलली जातात, पण ती समोरच्याचे बोलणे थांबवतात. शेजारी शांत बसणे चालते. मुलांसाठी खेळाची जागा आणि ठरलेल्या वेळा पहिल्याच दिवसापासून असाव्यात, मोठ्यांना इच्छा असल्यास कामात सहभागी करून घ्यावे. आत्महत्येचे विचार, भ्रम किंवा स्वतःची काळजी न घेता येणे दिसल्यास तज्ज्ञांकडे पाठवावे.

पाळीव प्राण्यांना आत घ्यावे का?

झोपण्याच्या जागेत नाही, पण जवळ वेगळी, छत असलेली जागा ठेवावी आणि प्राण्याची नोंद मालकाच्या कार्ड क्रमांकावर करावी. प्राण्याला सोडून यावे लागते म्हणून माणसे धोक्याच्या घरातून हलत नाहीत. कतरिनानंतर अमेरिकेने २००६ मध्ये स्थलांतर आराखड्यांत पाळीव प्राण्यांचा विचार करण्याविषयी कायदा केला, तो याच कारणाने. अंध व्यक्तीचा मार्गदर्शक श्वान मात्र तिच्याजवळच राहील.

लोक जुने कपडे आणून टाकतात. काय करावे?

काय हवे आहे आणि काय नको, हे रोज जाहीर करावे आणि साठवण केंद्रापासून दूर ठेवावी. न मागितलेले सामान निवडण्यात स्वयंसेवकांचे दिवस जातात.

काही कुटुंबे केंद्रात न येता वाहनात किंवा आवारात राहतात. त्यांची जबाबदारी आमची आहे का?

आहे. त्यांचीही नोंद करावी आणि अन्न, पाणी, औषधे व माहिती त्यांना मिळावी. जपानमध्ये २००४ च्या नीगाता भूकंपानंतर मोटारीत झोपणाऱ्या काही जणांच्या पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊन त्या फुप्फुसात गेल्या आणि मृत्यू ओढवले. २०१६ च्या कुमामोतो भूकंपात प्रत्यक्ष हादऱ्यांनी सुमारे ५० माणसे दगावली, तर त्यानंतरच्या हालअपेष्टा आणि आजार यांमुळे झालेले म्हणून नोंदवलेले मृत्यू २०० हून अधिक आहेत. वाहनात राहणाऱ्यांना पाय लांब करून झोपायला, मधूनमधून चालायला आणि पुरेसे पाणी प्यायला सांगावे. ती आत का येत नाहीत, हेही विचारावे. गर्दीची भीती, रडणारे मूल, स्वमग्न मुलाला सहन न होणारा गोंगाट अशी कारणे निघतात, आणि एक शांत खोली देऊन त्यांतली काही सोडवता येतात.

अफवा आणि तक्रारी कशा हाताळाव्यात?

दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी, केंद्रप्रमुखाने समोर उभे राहून माहिती द्यावी. नवीन काही नसेल तरी ‘नवीन माहिती आलेली नाही, पुढची सहा वाजता देऊ’ असे सांगावे. तक्रारीसाठी पेटी, एक ओळखीचा चेहरा आणि रहिवाशांची छोटी समिती असावी, जिच्यात स्त्रिया व तरुणही असतील. वाटपाचे निकष आधी जाहीर केले तर निम्मे वाद उद्भवतच नाहीत.

कार्यकर्त्यांच्या पाळ्या कशा असाव्यात?

सुरुवातीपासून बारा तासांहून मोठी पाळी लावू नये. आठ तास उत्तम. पाळी बदलताना अर्धा तास दोन्ही गट एकत्र असावेत आणि अपूर्ण कामे नावानिशी सांगितली जावीत. ‘कार्ड क्रमांक अमुक, आजोबांचे इन्सुलिन संध्याकाळी यायचे आहे’ हे वाक्य पाळी बदलताना हरवले तर आधीची सगळी नोंदणी वाया जाते. काही कार्यकर्ते स्वतः आपद्ग्रस्त असतात. त्यांना घर पाहून येण्यासाठी रजा द्यावी, मागितली नाही तरी.

केंद्रातून जाताना काय नोंदवावे?

येण्याच्या नोंदीइतकीच जाण्याची नोंद आवश्यक आहे, कारण ती नसेल तर पुढचे अनेक दिवस एखादा माणूस कोठे गेला हे कोणालाच सांगता येत नाही. कुटुंब कोठे जात आहे, संपर्क क्रमांक कोणता, नातेवाइकांच्या चौकशीला तो द्यायला संमती आहे का, हे विचारावे. किमान पंधरवड्याची औषधे, उपचारांचा कागद, मुलाच्या लसीची नोंद आणि नुकसानभरपाईसाठी कोठे जायचे याची लेखी माहिती सोबत द्यावी. घर राहण्यायोग्य आहे याची तपासणी झाल्याखेरीज कोणालाही परत जाण्याचा आग्रह करू नये, मग केंद्र शाळेच्या इमारतीत असो आणि तेथे वर्ग सुरू करायची कितीही निकड असो. केंद्र बंद करण्याची तारीख किमान काही दिवस आधी सांगावी आणि ज्यांना जायला जागा नाही त्यांची पुढची सोय नावानिशी झाल्यावरच शेवटचे दार लावावे. नोंदवह्या मोजून, मोहोरबंद करून जबाबदार अधिकाऱ्याकडे द्याव्यात, ताबा घेतल्याची सही घ्यावी आणि त्या कोणत्या तारखेला नष्ट करायच्या आहेत, ते वेष्टनावरच लिहावे.